चढावर की उतारावर?

"खोलून पाहा लागते, दादा." बुलढाणा जिल्ह्यातल्या गॅरेजांत गाडीवाल्याला सर्वांत महाग पडणारं वाक्य हेच. गाडी दारात येऊन उभी राहते. मालक म्हणतो, "मिस्त्री, चालता चालता घूं असा आवाज येऊन रायला." मिस्त्री खाली वाकतो, मागच्या डिफरेन्शियलच्या हौसिंगवर दोन थापा मारतो आणि निकाल देऊन मोकळा होतो: क्राउन-पिनियन गेलं. गाडी शंभर पावलंसुद्धा चालवून पाहिलेली नसते. आवाज कोणत्या वेगाला सुरू होतो, ॲक्सिलरेटर सोडल्यावर राहतो की जातो, वळणावर वाढतो का, टायर कधी बदलले, हौसिंगचं ऑइल शेवटचं कधी काढलं, यातला एकही प्रश्न विचारलेला नसतो. तरी दुपारपर्यंत ॲक्सल बाहेर येतात आणि संध्याकाळी मालकाच्या हातात हजारोंचं एस्टिमेट पडतं.

मी याच धंद्यातला माणूस आहे. खामगावात माझं गॅरेज आहे आणि फोर बाय फोर गाड्यांची कामं मी हौसेने घेतो. म्हणून हे बाहेरून आलेल्या टीकाकाराचं बोलणं समजू नका. ट्रायल न मारता हौसिंग खोलणारा मिस्त्री गिऱ्हाइकाला लुबाडतो. त्याच्या मनात खोट नसेल, त्याला खरंच वाटत असेल की दोष तिथेच आहे, तरीही तो लुबाडतो. तो अंदाज विकतो, आणि अंदाज चुकला की त्याची किंमत समोरचा भरतो. मग दुसरा अंदाज, पुन्हा तोच भरणारा. माझ्या गावात चांदीचा व्यापारी कस पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र कस न पाहताच भाव सांगितला जातो आणि लोक तो मुकाट्याने देतात.

हा प्रश्न आत्ताच इतका का पेटला, तेही सांगतो. आपल्याकडे वर्षानुवर्षं जीप म्हणजे काळीपिवळी. कमांडर, मेजर, मागे-पुढे माणसं लोंबकळणारी. त्यातल्या बहुतेकांची ताकद फक्त मागच्या चाकांना जायची. एक गिअरबॉक्स, एक शाफ्ट, एक हौसिंग. आवाज आला तर संशयित मोजके. आता शेतकऱ्याच्या अंगणातही फोर बाय फोर उभी असते. डस्टरची ऑल व्हील ड्राइव्ह गाडी २०१४ मध्ये आली, नवी थार ऑक्टोबर २०२० मध्ये, जिम्नी २०२३ मध्ये. जुन्या जिप्सी आणि स्कॉर्पिओ हातोहात फिरतातच. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणंदीने जायचं तर ही गाडी लागते, त्यात चैन काही नाही. पण अशा गाडीत दोन डिफरेन्शियल, मध्ये ट्रान्सफर केस, पुढे-मागे दोन शाफ्ट, त्यांचे क्रॉस, चार हब आणि एक गिअरबॉक्स असतो. आवाजाच्या जागा वाढल्या आणि त्याबरोबर बिल फाडण्याच्या जागाही वाढल्या. ऐकण्याचं कसब मात्र काळीपिवळीच्या काळात होतं तेवढंच राहिलं. बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी झालं.

आणि हे घडतं कुठे? ज्या जिल्ह्याला निसर्गाने गाडी तपासायचं मैदान फुकट बांधून दिलंय तिथे! आपला जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा असा दोन भागांत विभागलेला आहे. खाली पूर्णेचं सपाट खोरं, वर बुलढाण्याचं पठार. खामगावहून बुलढाण्याला जाताना ज्ञानगंगा अभयारण्यातला बोथा घाट, आणि बुलढाण्याहून मोताळा-मलकापूरकडे उतरताना राजूर घाट. डिफरेन्शियलचा आवाज ओळखायला जे लागतं ते नेमकं हेच. घाट चढताना इंजिन चाकांना ढकलत असतं, तेव्हा क्राउन आणि पिनियनच्या दातांची एक बाजू एकमेकांवर दाबली जाते. त्याच घाटातून गिअरमध्ये, पाय ॲक्सिलरेटरवरून काढून खाली उतरताना चाकं इंजिनाला ढकलतात, तेव्हा दातांची दुसरी बाजू दाबली जाते. चढावर गाणारी आणि उतारावर गप्प होणारी गाडी एक गोष्ट सांगते. उतारावर रडणारी आणि चढावर शांत असणारी गाडी दुसरी गोष्ट सांगते. तिथे पिनियनच्या बेअरिंगवर आणि पिनियनच्या ढिलेपणावर माझा पहिला संशय जातो. चढाला, उताराला, सपाटीला, पाय दिला काय नि काढला काय, आवाज तसाच राहत असेल तर क्राउन-पिनियनला हात लावायचं कारण उरत नाही. मग चाकाकडे या, टायरकडे या.

एवढी सोपी परीक्षा. आधी काच खाली करून घाट चढा, मग उतरा. अभयारण्यातून जाताना उगाच इंजिन रेस करू नका, तिथे जनावरं राहतात. आणि घाटात कधीही न्यूट्रल करू नका. न्यूट्रलची चाचणी नांदुरा-मलकापूरच्या सपाट महामार्गावर, मागेपुढे कोणी नसताना करायची: साठ-सत्तरला नेऊन पाय काढा, गाडी क्षणभर न्यूट्रलमध्ये धावू द्या. आवाज वेगाबरोबर हळूहळू उतरत गेला तर तो गिअरबॉक्सच्या मागचा, चाकाशी बांधलेला. एकदम तुटला तर तो इंजिनाशी किंवा दातांवरच्या दाबाशी बांधलेला. याला यंत्र लागत नाही, लिफ्ट लागत नाही, इंग्रजी लागत नाही. लागतो तो अर्धा-पाऊण तास आणि दोन कान. हा अर्धा तास गॅरेजवाल्याला जड जातो, कारण ट्रायलचे पैसे मागायची आपल्याला लाज वाटते आणि नको तो पार्ट विकायची वाटत नाही.

गाडी हलायच्याही आधी एक परीक्षा असते, तीसुद्धा टाळली जाते. गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू वाढवा. तोच सूर उभ्या गाडीत ऐकू आला तर मागचं सगळं निर्दोष: शाफ्ट, हौसिंग, हब, टायर, काही काही हलत नाहीये. मग अल्टरनेटरचं बेअरिंग पाहा, बेल्ट पाहा. स्टिअरिंग वळवलं की आवाज चढत असेल तर पॉवर स्टिअरिंगचा पंप पाहा. क्लच दाबला की आवाज गेला तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबला की आला तर रिलीज बेअरिंग. स्टिअरिंग पंपात ऑइल कमी झालेलं असताना क्राउन बदललेली गाडी मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. हे अज्ञानाच्या पलीकडचं आहे.

आता आकड्यांचं बोलतो, कारण "कानाला कळत नाही, सगळे आवाज सारखेच" असं म्हणणारे बरेच भेटतात. सारखे नसतात. समजा टायर एका फेऱ्यात सव्वादोन मीटर जातो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर कापते, म्हणजे चाक सेकंदाला ७.४ वेळा फिरतं. पिनियनला १० दात, क्राउनला ४१ असतील, तर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरतो, सेकंदाला ३० वेळा. आणि दातावर दात आपटतो सेकंदाला सुमारे ३०० वेळा. तीन वेगळ्या गोष्टी झाल्या. सात वेळा होणारं काही असेल तर ते ठोके म्हणून जाणवतं: वाकडी रिम, फुगलेला टायर. तीस वेळा होणारं सीटमधून, पायाखालून थरथर म्हणून येतं: शाफ्टचा बॅलन्स, सेंटर बेअरिंग, सैल क्रॉस. ३०० वेळा होणारा आवाज मात्र सूर असतो. लोक ज्याला "गाडी रडते" म्हणतात तो हाच. वेग निम्मा केला की तो सूर १५० वर येतो, त्याला दुसरा मार्ग नाही. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारी फुकट ॲप आहेत. गॅरेजातलं पोरगं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतं, तोच फोन त्याने सीटखाली धरावा. मालकाच्या गाडीच्या क्राउनचे दात किती, टायरचं माप काय, एवढं ठाऊक असलं की हिशेब कागदावर मांडता येतो.

आणखी एक चाचणी: त्याच साठच्या वेगाला गाडी एकदा चौथ्यात चालवा, एकदा पाचव्यात. इंजिनाचे फेरे बदलले, चाकाचे नाही. सूर तोच राहिला तर उगम गिअरबॉक्सच्या मागे. सूर बदलला तर पुढे. इंजिन उभं बसवून मागे ताकद नेणाऱ्या जुन्या पाच गिअरच्या गाड्यांत बहुधा चौथा गिअर सरळ असतो, म्हणजे ताकद बाजूच्या काउंटर शाफ्टवरून न जाता थेट पार होते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात कण्हणारी गाडी चौथ्यात मोकळी झाली तर गिअरबॉक्स खोला, हौसिंग नको. जुन्या मिस्त्रींना हे तोंडपाठ होतं. त्यांच्याकडे पुस्तकं नव्हती, कान होते, आणि पार्ट महाग आणि दुर्मिळ असल्यामुळे चूक परवडत नव्हती. आज पार्ट कुरिअरने दोन दिवसांत येतो, म्हणून चूक करायला कोणी घाबरत नाही.

पण एक जागा अशी आहे जिथे सूर मोजूनही फसायला होतं, आणि सर्वांत जास्त पैसा तिथेच बुडतो. टायर. टायरच्या पट्टीवर समजा गोलाकार साठ-पासष्ट ठोकळे असतील, तर साठच्या वेगाला ते सेकंदाला साडेचारशे-पावणेपाचशे वेळा रस्त्यावर आपटतात. हा आकडा दातांच्या आकड्याच्या शेजारीच बसतो. म्हणून असमान झिजलेला टायर आणि खराब क्राउन हे कानाला सख्खे भाऊ वाटतात. संग्रामपूर तालुक्यातले एक काका त्यांची गाडी घेऊन माझ्याकडे आले तोवर दुसऱ्या एका गॅरेजात त्यांचे मागचे दोन्ही हब बदलून झाले होते. आवाज गेला नाही म्हणून क्राउन-पिनियनचा सेट बदलला. आवाज गेला नाही म्हणून आता ट्रान्सफर केस काढायची बोलणी चालली होती. मी त्यांच्या मागच्या टायरवरून तळहात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने प्रत्येक ठोकळ्याची कडा बोचत होती. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे केले, एक चक्कर मारली, आणि आवाज पुढच्या चाकांकडे सरकला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, सोयाबीनचे पैसे होते ते." मला त्या गॅरेजवाल्याचं नाव माहीत आहे आणि मी ते इथे लिहिणार नाही, कारण तो एकटा नाही. त्याच्या जागी या जिल्ह्यातली निम्मी नावं बसतील.

टायर ओळखायचा रस्ताही आपल्याकडे तयार आहे. मेहकरला किंवा सिंदखेडराजाला समृद्धी महामार्गावर चढा. सिमेंटचा रस्ता, एकसारखा वेग. मग तिथून उतरून गावाकडच्या डांबरी रस्त्याला लागा, वेग तोच ठेवा. आवाजाचा पोत बदलला तर तो टायर आहे. क्राउनला खाली सिमेंट आहे की डांबर, कळत नाही. हबचं बेअरिंग वेगळं ओळखायचं: सत्तरच्या आसपास, मोकळ्या रस्त्यावर, हलक्या लांब वळणाला कान द्या. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकांवर जातं. तेव्हा गुरगुर वाढली तर संशय डाव्या हबवर, उलट झालं तर उजव्यावर. मग गाडी जॅकवर घेऊन चाक हाताने फिरवताना दुसरा हात स्प्रिंगवर ठेवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लागते. हे सगळं करायला दहा मिनिटं लागतात आणि एक रुपयाचा पार्ट लागत नाही.

जॅकवरून आठवलं. ऑल व्हील ड्राइव्ह गाडीची फक्त दोन चाकं उचलून इंजिन गिअरमध्ये टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. जमिनीवर टेकलेल्या चाकांना ताकद गेली की गाडी जॅकवरून उडी मारते, आणि खाली माणूस असतो. चारही चाकं मजबूत स्टँडवर असल्याशिवाय अशी गाडी फिरवून ऐकायची नाही. हौसिंगवर मोठा स्क्रू-ड्रायव्हर टेकवून मूठ कानाला लावण्याची जुनी पद्धत उत्तम आहे, पण ती चार स्टँडवर. जमत नसेल तर गाडी दुसरीकडे पाठवा. यावर मी वाद घालत नाही.

आता गाडीवाल्यांकडे येतो, कारण सगळं पाप मिस्त्रीच्या माथी मारणं खोटेपणाचं होईल. चाळीस-पन्नास हजारांचे मातीतले दांडगे टायर लावायचे, सस्पेन्शन चार बोटं उचलायचं, शाफ्टचा कोन बिघडवायचा, मग गाडी जयस्तंभ चौकातून समृद्धीपर्यंत मिरवायची आणि "आवाज येतो" म्हणून गॅरेजात भांडायचं. अशा टायरचा आवाज कंपनीच्या गोदामातूनच आलेला असतो. त्याला औषध नाही. दुसरे, जे पैसे वाचवायला पुढे दोन नवे टायर घालतात आणि मागे दोन झिजलेले ठेवतात. साध्या गाडीत ते खपून जाईल. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये नवा टायर मोठा आणि जुना लहान झाल्यामुळे पुढची आणि मागची चाकं सरळ रस्त्यावरही वेगवेगळी फिरतात. मध्ये बसलेली प्लेट-क्लचची जोडणी तो फरक घासून घासून पचवत राहते, तापते, तिचं ऑइल जळतं. मग बारीक वळणावर गाडी गुरगुरते, धक्के देते. चार टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, जवळपास सारखे झिजलेले हवेत. टायर दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याला दोन विकले तरी चालतात.

तिसरे सर्वांत वाईट. थार किंवा जुनी स्कॉर्पिओ फोर हायमध्ये टाकून कोरड्या डांबरावर, अगदी राजूर घाटाच्या वळणांवर, "ग्रिप चांगली येते" म्हणून चालवणारे. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टला ट्रान्सफर केस घट्ट बांधते. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, म्हणून शाफ्ट, क्रॉस, चेन, दात सगळे पिळले जातात. लिव्हर अडकतो, स्टिअरिंग जड होतं, खालून कण्हल्याचा आवाज येतो. ती गाडी बिघडलेली नसते, चालवणारा तिला बिघडवत असतो. मिस्त्रीने इथे पाना उचलू नये, गिऱ्हाइकाला समोर बसवून दोन शब्द सुनवावेत. आपण सुनवत नाही, कारण गिऱ्हाईक दुखावेल. पाठीमागून चेन बदलून देतो.

फोर बाय फोर लिव्हरचा उपयोग तपासणीसाठी करणारे तर बोटावर मोजण्याइतके. जिप्सीसारख्या गाडीत पुढच्या चाकांचे हब हाताने मोकळे करता येतात. हब मोकळे केले की पुढचं डिफरेन्शियल आणि पुढचा शाफ्ट फिरायचे थांबतात. तरी सूर कायम असेल तर पुढचा अर्धा भाग सुटला. डस्टरमध्ये बटण आहे: टू व्हील, ऑटो, लॉक. तिन्हींत ऐका. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये एक शाफ्ट खोलून बाजूला बांधून दुसऱ्यावर थोडं अंतर चालवता येतं, आणि चार बोल्टांत अर्ध्या गाडीचा निकाल लागतो. कायम चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हे मॅन्युअल वाचल्याशिवाय करू नये. तिथे मधलं डिफरेन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला फेकतं.

ऑइलवर मी जरा जास्त बोलणार आहे. आपल्या गॅरेजांत एक डबा असतो, नव्वद नंबरचा. तो गिअरबॉक्समध्ये जातो, हौसिंगमध्ये जातो, ट्रान्सफर केसमध्येही जातो. क्राउन-पिनियनचे आजचे दात हायपॉइड पद्धतीचे असतात. अमेरिकेतल्या ग्लीसन कंपनीने १९२० च्या दशकात ते आणले आणि तेव्हापासून मोटारीत तेच रुजले. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षा खाली बसतं, म्हणून दात नुसते एकमेकांवर लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरणीत साधं ऑइल पिळून बाहेर फेकलं जातं. तिथे जीएल-५ दर्जाचं, गंधक-फॉस्फरसयुक्त ऑइल लागतं. उलट गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंगा असतात आणि अनेक कंपन्या तिथे जीएल-४ सांगतात, कारण जीएल-५ मधली तीच औषधं पितळ खाऊ शकतात. चेनच्या ट्रान्सफर केसला तर बऱ्याच गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतं, तिथे घट्ट नव्वद नंबर ओतणं म्हणजे पंप आणि चेन उपाशी मारणं. डब्यावर छापलेलं असतं. मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं. वाचायला कोणी तयार नाही.

आणि पाणी. पावसाळ्यात आपल्याकडे नाला ओलांडल्याशिवाय अर्ध्या गावांना जाता येत नाही. वीस-तीस किलोमीटर धावून तापलेलं हौसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलच्या ओठातून पाणी आत ओढते. ऑइल दुधाळ होतं, बेअरिंगच्या रोलरवर गंज बसतो, आणि पोळा-दसऱ्यापर्यंत गाडी गायला लागते. २०२३ च्या जुलैत जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत पुराने जे केलं ते सगळ्यांना आठवतं. त्यानंतर आवाज घेऊन आलेल्या गाड्यांच्या मालकांना मी एकच विचारत होतो: पाण्यातून काढल्यावर हौसिंगचं ऑइल काढलं का? इंजिनाचं काढलं, एअर फिल्टर बदलला, सीट वाळवल्या. हौसिंगचं कोणाला सुचलं नाही, आणि ज्या मिस्त्रींनी त्या गाड्या सुरू करून दिल्या त्यांनी सुचवलं नाही. दोनेक लिटर ऑइल आणि ब्रीदरची नळी वर बॉनेटपर्यंत नेणं, एवढ्यात जे वाचलं असतं ते पुढे दोन-तीन महिन्यांत भंगारात गेलं. निचऱ्याच्या बोल्टला लोहचुंबक असतो. त्यावर करडा, मऊ लेप आला तर घाबरायचं नाही, ती रोजची झीज आहे. चिमटीत धरता येईल असा तुकडा, चकचकीत पापुद्रा आला तर मात्र खोला. खोलायची वेळ तीच. तोवर नाही.

कारण खोललं की परत बसवावं लागतं, आणि ते आपल्याकडे किती जणांना येतं? क्राउन आणि पिनियन जोडीने घासून तयार होतात, जोडीनेच बदलायचे. पिनियन किती खोल बसेल ते शिम ठरवते. बेअरिंगचा ताण ठरावीक हवा. दोन दातांमधली मोकळीक साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर, आणि ती डायल गेज लावूनच मोजायची. दातांना रंग लावून ठसा कुठे उमटतो ते पाहायचं: मध्ये, टोकाला की बुडाशी. हे हाताने हलवून "बरोबर आहे" म्हणणारा मिस्त्री नवा सेट टाकून जुन्यापेक्षा मोठा आवाज काढून देतो. आणि मग गिऱ्हाइकाला सांगतो, "चालून चालून बसंल." बसत नाही. चुकीच्या ठशावर चाललेले दात आणखी बिघडतात. ज्या गॅरेजात डायल गेज नाही त्याने क्राउनचं काम घेऊ नये. माझं हे म्हणणं कोणाला झोंबलं तर झोंबू द्या. आणि मालकांनाही सांगतो: वर्षानुवर्षं हलकं गाणारं, न वाढणारं, स्वच्छ ऑइल असलेलं हौसिंग तसंच राहू द्या. ते तुमच्या आधी मरणार नाही.

मोठ्या वर्कशॉपांचं चित्र वेगळं वाटतं, कारण तिथे फरशी चकचकीत असते. तिथे अंदाज संगणकावर छापून येतो, एवढाच फरक. "अख्खी असेंब्ली बदला" हा त्यांचा आवडता निकाल. आत बेअरिंग गेलंय की सील, हे शोधायला तासाचा हिशेब द्यावा लागतो, असेंब्लीला फक्त पार्ट नंबर. स्कॅनिंग मशीन लावून "फॉल्ट नाही" म्हणून गाडी परत करणारेही तेच. दातांच्या आवाजाला कुठलाही सेन्सर नसतो, हे त्यांना माहीत असतं.

आयटीआयमधून मेकॅनिक मोटर व्हेईकल शिकून माझ्याकडे आलेल्या पोरांना डिफरेन्शियलचे सगळे भाग नावानिशी सांगता येतात. त्यांना गाडीत बसवून "ऐक आणि सांग" म्हटलं की ती माझ्या तोंडाकडे पाहतात. पोरं हुशार आहेत. दोन ट्रायलनंतर चढ-उताराचा फरक त्यांना कळतो, मोजता येतो, लिहिता येतो. त्यांच्या हातात पाना देण्याआधी वही द्यावी, ही माझी मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक गॅरेजवाल्याकडे आहे.

आणि मालकांकडे मागणी ही: गाडी देताना जॉब कार्डवर आवाजाचं वर्णन लिहून घ्या. किती वेगाला, चढावर की उतारावर, पाय दिल्यावर की काढल्यावर, कोणत्या वळणावर. मिस्त्रीला शेजारी बसवून आवाज ऐकवल्याशिवाय चावी देऊ नका. कोणता भाग का बदलतोय ते बदलण्याआधी लेखी घ्या आणि जुना भाग परत मागा. नको ते बदलून आवाज तसाच राहिला तर ती सेवेतली त्रुटी आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, बुलढाण्यात जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग बसतो, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. लेखी जॉब कार्ड आणि बदललेला, धडधाकट निघालेला जुना पार्ट टेबलावर ठेवला की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

जुनी फोर बाय फोर विकत घेणाऱ्यांनी सौदा ठरवण्याआधी हौसिंगचा बोल्ट स्वतःसमोर उघडवून घ्यावा. आत लाकडाचा भुसा नाही ना, एकशेचाळीस नंबरचं घट्ट ऑइल ओतून आवाज दाबलेला नाही ना, ऑइल दुधाळ नाही ना, हे पाहावं. मग गाडी थेट बोथ्याला न्यावी. विकणारा चौकातल्या चौकात चक्कर मारून आणायचा आग्रह धरत असेल आणि घाटाचं नाव काढताच घाई करत असेल, तर बयाणा देऊ नका.